छप्पन फूट की बेचाळीस?

"अकोल्याले गेली का गाडी म्हातारी होते, अन् अमरावतीले आली का जवान होते. जादू हाय बाप्पा!"

खिडकीबाहेर कोणीतरी म्हणालं आणि चार-पाच जण हसले. मी आत टाइपरायटरवर बसले होते. बोटं थांबली नाहीत, पण कान तिकडेच लागले. ज्या गाडीबद्दल हे बोलणं चाललं होतं, तिचाच कागद माझ्या रोलरवर होता.

आमच्या ऑफिसला लोक 'मोटार ऑफिस' म्हणतात. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती आणि मला अमरावतीच्या या नोकरीला लागून सात महिने. माझं शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं, म्हणून इंग्रजी पत्रं सगळी माझ्याकडे येत. बोलायचं काम मात्र मला जमत नसे. मनात वाक्य नीट जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असे. त्यामुळे 'टाइपिस्ट बाई लई गर्विष्ठ हाय' असा समज झाला होता. तो दूर करायला गेले नाही. त्यालाही वाक्य जुळवावं लागलं असतं.

आधी 'पासिंग' म्हणजे काय ते सांगते. भाड्याने चालणाऱ्या प्रत्येक गाडीची, मग ती टॅक्सी असो की ट्रक, वर्षातून एकदा तपासणी होते. इन्स्पेक्टर टायर बघतो, दिवे बघतो, हॉर्न वाजवतो, स्टिअरिंग हलवतो. गाडी धड असेल तर फिटनेस सर्टिफिकेट मिळतं. ते मी टाइप करते. या सगळ्याला लोक पासिंग म्हणतात. पासिंग नाही तर परमिट नाही, आणि परमिट नाही तर टॅक्सी म्हणजे झाडाखाली उभी केलेली लोखंडी पेटी.

नव्या गाडीला कोणी फारसं विचारत नाही. वाद होतात ते जुन्या गाड्यांवरून. उदाहरणार्थ, 'प्ले'. चाक न वळता स्टिअरिंग जेवढं नुसतंच फिरतं, त्याला प्ले म्हणतात. जुन्या गाडीत तो थोडा असतोच. थोडा म्हणजे किती, हे इन्स्पेक्टरच्या मनावर. ब्रेकचं तसं नाही. ब्रेकला आकडा आहे.

मैदानात चुन्याची एक रेघ मारतात. गाडी ताशी वीस मैलांनी येते. इन्स्पेक्टर ड्रायव्हरच्या शेजारी बसून स्पीडोमीटरच्या काट्यावर नजर ठेवतो. पुढचं चाक रेघेला लागलं की तो ओरडतो, "दाब!" गाडी थांबते. रेघेपासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर शिपाई मोजतो. पंचेचाळीस फुटांच्या आत थांबली तर पास, पुढे गेली तर नापास. आकड्याशी कोणी भांडू शकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

आता ती गाडी. बळीराम तायडे नावाचे एक गृहस्थ अकोला–तेल्हारा टॅक्सी चालवत. गाडी सात सीटची, वर कॅनव्हासचं छप्पर, वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. डॅशबोर्डवर पितळेचा एवढासा बुद्ध आणि त्याच्यापुढे रोज एक ताजं फूल. तायडे चाळिशी उलटलेले, अंगाने शिडशिडीत, बोलण्यात मोकळे. कापसाचे दलाल, शाळामास्तर, बाळंतपणाला अकोल्याला निघालेल्या बाया, सगळे त्यांच्याच गाडीने जात. "तेल्हाऱ्यातली निम्मी पोरं माह्या गाडीत जल्माले येता येता राह्यली," असं ते सांगत.

ही गाडी अकोल्याच्या तपासणीत नापास झाली. ब्रेकचा आकडा छप्पन फूट. तायड्यांनी आदल्याच महिन्यात ब्रेकचे लायनिंग बदलले होते. मेकॅनिकने चारही चाकं उघडून पाहिली आणि म्हणाला, याच्यात बिघाड काहीच नाही. तेव्हा आठवड्याभरानं तायडे गाडी घेऊन साठ मैल लांब अमरावतीला आले. मुख्य ऑफिस इथलंच. इथे आमच्या देशमुख इन्स्पेक्टरांनी तपासली. बेचाळीस फूट. पास.

ही बातमी अकोल्याचे इन्स्पेक्टर चौधरी यांच्या कानावर गेली. त्यांनी साहेबांना पत्र लिहिलं. पत्र एका पानाचं होतं आणि त्यात 'आश्चर्य वाटते' हे तीनदा होतं.

आमचे मोठे साहेब म्हणजे सबनीस. नवीन राज्य झाल्यावर पुण्याहून आले होते. अत्यंत सरळ माणूस. टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवत. त्यांनी देशमुखांना केबिनमध्ये बोलावलं आणि मला पॅड घेऊन बसायला सांगितलं.

"देशमुख, सात दिवसांत ब्रेक चौदा फुटांनी सुधारतो?"

"साहेब, मी स्वतः गाडीत बसलो होतो. काटा वीसवर होता. बेचाळीस फूट."

"चौधरी म्हणतात छप्पन."

"त्यायले म्हणू द्या. डोळे मलेही आहेत." चिडले की देशमुखांची मराठी केबिनमधून थेट शेतात जाई. "साहेब, तपासणीच्या दिवशी मी कोणाचा चहा घेत नाही. थर्मास घरून आणतो. विचारा कोणालेही."

"थर्मासचा प्रश्न नाही. तुमच्या दोघांपैकी एक जण खोटा आकडा लिहितोय. कोण, ते मला बघायचंय."

देशमुखांचा चेहरा उतरला. मी पॅडकडे बघत राहिले.

साहेबांनी ठरवलं ते असं. येत्या गुरुवारी अकोल्याला जायचं. दोन्ही इन्स्पेक्टरांसमोर त्याच गाडीची पुन्हा तपासणी. नापास झाली तर अमरावतीचं सर्टिफिकेट तिथल्या तिथे रद्द. रद्द करण्याची ऑर्डर त्यांनी मला लगेच सांगितली. "टाइप करून बरोबर घ्या, मिस वानखडे. तारखेची जागा मोकळी सोडा."

तायड्यांना गुरुवारची नोटीस द्यायचं काम माझ्याकडे आलं. ते व्हरांड्यात उभे होते.

"बाई, काय लिहिलं याच्यात?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजे गुरुवारी नापास झालो, तं शनिवारी परमिटची मुदत संपते. तेल्हारा लाइनसाठी दोघं जण टपूनच बसले हायेत. गेलं म्हना मंग परमिट."

"हो," मी म्हणाले.

"अन् परमिट गेलं तं गाडीचं काय करू?"

आणि तेच हसले. "कोंबड्या पाळू गाडीत. सात सीट हायेत, सात कोंबड्या." नोटिशीची घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अमरावतीचं रजिस्टर आणि मुख्य ऑफिसात येणारी अकोल्याच्या रजिस्टरची नक्कल काढली. कोणी सांगितलं नव्हतं. एका कागदावर दोन रकाने आखले आणि वर्षभराचे ब्रेकचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. जुन्या गाड्यांना अकोल्यात जास्त फूट लागत होते, हे अपेक्षितच होतं. पण नव्या कोऱ्या गाड्यांनाही तिथे जास्तच लागत होते! शोरूममधून आलेला ट्रक अमरावतीत अठ्ठावीस फुटांत थांबायचा, तसलाच अकोल्यात सदतीस-अडतीसवर जायचा. नव्या गाडीसाठी कोणी इन्स्पेक्टरला खूश करत नाही. तिथे खोटं लिहून कोणाला काय मिळणार? म्हणजे खोटं कोणीच लिहीत नसावं. मग अकोल्याची जमीन निसरडी आहे का? की तिथला चुना?

कागद घेऊन मी साहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काय?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही, सर," मी म्हणाले आणि परत आले.

गुरुवारी सकाळी आम्ही ऑफिसच्या जीपने निघालो. जीप साहेब स्वतः चालवत. दुसऱ्या ड्रायव्हरवर त्यांचा विश्वास नव्हता. शेजारी देशमुख, मागे मांडीवर टाइपरायटर घेतलेली मी आणि आमचा शिपाई गुलाबराव. गुलाबराव मूळचा शेंदूरजनाघाटकडचा, सहा फुटांहून उंच, जीपमध्ये गुडघे कानाजवळ येऊन बसलेला. त्याने पिशवीभर संत्री आणली होती. मूर्तिजापूरपर्यंत संत्र्याची सालं रस्त्यावर पडत होती.

अकोल्यातलं तपासणीचं मैदान म्हणजे एका जिनिंग फॅक्टरीमागचा मुरमाचा पट्टा. आम्ही पोचलो तर तिथे तीस-चाळीस ड्रायव्हर जमलेले. तायडे गाडी पुसत होते. साहेबांसाठी लांब लिंबाखाली खुर्ची टाकली होती. मला पंचनामा टाइप करायचा होता, म्हणून एका खोक्यावर टाइपरायटर ठेवून दिला. हे खोकं चुन्याच्या रेघेपासून चार हातांवर होतं. पुढचं सगळं मला दिसलं ते या खोक्यामुळे.

दोन्ही इन्स्पेक्टर गाडीत बसले. चौधरी पुढे, देशमुख मागे, दोघांच्या माना स्पीडोमीटरकडे. गाडी लांबून धूळ उडवत आली. रेघेला चाक लागलं. "दाब!" दोघंही एकदम ओरडले. गाडी किंचाळत थांबली.

आता मोजायचं. अकोल्याचा शिपाई नामदेव पुढे आला. बारीक चणीचा, पन्नाशीचा माणूस. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या. अनवाणी टाच रेघेवर टेकवली. अंगठ्यापुढे दुसऱ्या पायाची टाच. मग पुन्हा पहिल्या पायाची. पावलाला पाऊल चिकटवत, दोन्ही हात पसरून, दोरावर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा तो चाकापर्यंत गेला.

"छप्पन!"

मी टाइप करायचं विसरले. सात महिने मी फुटांचे आकडे टाइप करत होते. ते फूट कसे मोजतात, हे आज पहिल्यांदा बघत होते.

नामदेव चपला घ्यायला परत आला तेव्हा मी हळूच विचारलं, "चपला का काढल्या?"

"बाई, चप्पल घालून मोजलं तं चप्पल मोजल्या जाते," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "सरकारी काम हाय. इंग्रजीत फूट म्हंजे पाय. आपल्याले पाय मोजा लागते."

टेप नव्हता असं नाही. जुना फुटांचा टेप तुटला तेव्हा अर्धा अमरावतीने ठेवला आणि अर्धा अकोल्याला दिला, असं म्हणतात. ते दोन्ही अर्धे पुढे कोणाला दिसले नाहीत. नंतर नवा टेप आला, पण तो मीटरचा. फॉर्म फुटांचा. म्हणून टेप कपाटात कुलपात राहिला, आणि शिपाई आपापल्या पायांनी सरकारची सेवा करू लागले.

गाडीतून उतरलेले देशमुख तापले होते. "साहेब, हे मला मान्य नाही. आमच्या गुलाबरावले मोजू द्या."

"मोजा," साहेब लिंबाखालून म्हणाले.

गुलाबराव पुढे झाला. त्याच्या पायात टायरच्या तळव्याच्या चपला होत्या. त्या काढायचं त्याच्या मनातही आलं नाही. तोही टाचेला अंगठा लावत निघाला. रेघ तीच. चाकही जागचं हललेलं नव्हतं.

"बेचाळीस!"

साहेब उभे राहिले. "गुलाबराव, तुम्ही मधले आकडे गिळता."

"साहेब, आकडे काहून गिळू? घरून भाकर खाऊन आलो."

सगळं मैदान हसलं. साहेब हसले नाहीत. "दोघांनी पुन्हा मोजा. मोठ्याने."

मग गंमतच झाली. गुलाबराव मोजू लागला तसे सगळे ड्रायव्हर त्याच्याबरोबर मोजू लागले. शाळेत पाढे म्हणतात तसे. बेचाळीस! टाळ्या पडल्या. नामदेव निघाला. पुन्हा चाळीस गळ्यांतून एक, दोन, तीन. छप्पन! पुन्हा टाळ्या. कोणी आकडा गिळला नव्हता आणि कोणी जास्तीचा घातलाही नव्हता.

कारण कोणाच्याच लक्षात येईना. सगळे आकड्यांकडे बघत होते. पायांकडे बघत होते ती मी एकटी, आणि त्यात माझी हुशारी काही नव्हती. लाजाळू माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या पायांकडे बघतो. त्या ऑफिसातल्या प्रत्येकाची चप्पल मला तोंडपाठ होती.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "दोन आकडे असतील तर सुरक्षिततेच्या बाजूचा धरायचा. उद्या माणसं बसणार आहेत या गाडीत. छप्पन. मिस वानखडे, ऑर्डरवर तारीख टाका."

तायडे गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले.

तारीख टाकणं म्हणजे टाइपरायटरवर सात-आठ बटणं. मी हात उचलले आणि तसेच ठेवले. बोलायला हवं होतं. वाक्य जुळत नव्हतं. इंग्रजीत सुरू व्हायचं, मराठीत अडकायचं. पण माझ्या फाइलमध्ये रजिस्टरं आखायची लाकडी फूटपट्टी होती. ती काढली. उठले. नामदेवजवळ जाऊन खाली बसले आणि त्याच्या पायाशेजारी पट्टी ठेवली.

साडेनऊ इंच.

गुलाबरावला हातानेच खूण केली. त्याने बिचकत पाय पुढे केला. चपलेच्या टाचेला पट्टीचं टोक लावलं. पट्टी संपली तरी चप्पल शिल्लकच होती.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे लेका! गुलाबरावचा फूट फुटापेक्षा मोठा हाय!"

"अन् नामदेवचा फूट अजून वाढतीच्या वयात हाय!"

मैदानात जो हशा उसळला, तो जिनिंगच्या भिंतीवर आपटून परत आला. गुलाबराव स्वतःच्या पायाकडे असा बघत होता, जणू तो आजच बसवून दिला होता. नामदेव मात्र गंभीर होता. "म्या चप्पल काढली होती," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

साहेब लिंबाखालून चालत आले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर धीर गेला असता. पदर खोचला, रेघेवर पट्टी ठेवली आणि मोजायला लागले. पट्टी संपे तिथे नामदेव बोट टेकवी, मी पट्टी उचलून बोटापुढे ठेवी. एक. दोन. तीन. ड्रायव्हर पुन्हा मोजू लागले, पण या वेळी हळू आवाजात. मुरमाचे खडे गुडघ्यांना टोचत होते. तीस झाले. चाळीस झाले. चाक अजून पुढेच दिसत होतं. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. चव्वेचाळीस. पट्टी पुन्हा ठेवली. ती चाकाला अडली. मी वाकून आकडा बघितला. सहा इंच.

चव्वेचाळीस फूट, सहा इंच. हद्द पंचेचाळीसची.

मी ते कागदावर लिहिलं आणि साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. मग पुण्याच्या इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यांवर ओढून ते स्वतः खाली बसले आणि रेघेपासून चाकापर्यंत सगळं परत मोजलं. नामदेवने त्यांच्यासाठीही बोट धरलं. उठताना त्यांच्या गुडघ्यांवर मुरमाचे दोन लाल गोल उमटले होते.

"चव्वेचाळीस, सहा," ते म्हणाले. "पास."

रद्द करण्याची ऑर्डर त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. मैदानात कचरा करणारे ते नव्हते.

तायडे ओरडले-बिरडले नाहीत. खांद्यावरच्या दुपट्ट्याने गाडीचा आधीच चकचकीत असलेला दिवा पुसत राहिले. थोड्या वेळाने माझ्याजवळ आले. "बाई, तुमी पट्टी लावून राह्यल्या होत्या ना, तवापासून म्या श्वास घेतला नाही. आता घेऊ काय?"

मला हसू आलं. मी मान हलवली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. अकोल्यात वर्षभरात ब्रेकवर नापास झालेल्या गाड्या परत बोलावल्या. पट्टीने मोजल्यावर बहुतेक पास झाल्या. अमरावतीत काठावर पास झालेल्याही बोलावल्या, आणि त्यांतल्या काही नापास झाल्या. त्यांच्या मालकांनी नवे लायनिंग बसवले आणि माझ्या खिडकीखाली उभं राहून माझ्या फूटपट्टीचा यथास्थित उद्धार केला. मला वाईट वाटलं नाही. एक रेघ, एक पट्टी म्हटल्यावर दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं लागतं. आता दोन्ही मैदानांत रेघेपासून बरोबर पंचेचाळीस फुटांवर लोखंडी खुंटी ठोकली आहे. मोजायलाच लागत नाही. खुंटीच्या अलीकडे पास, पलीकडे नापास. देशमुख आणि चौधरी आता एकाच थर्मासमधला चहा पितात. या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच की दोन आकडे जुळले नाहीत, तर माणसाला खोटं ठरवण्याआधी त्याचं माप बघावं. नियम दोन्हीकडे सारखाच होता. पाय सारखे नव्हते.

पण त्या दिवशीचं शेवटचं अजून राहिलंच आहे.

साहेब निघायच्या तयारीत होते. ड्रायव्हर मंडळी मात्र रंगात आली होती. त्यांच्यातला एक जण पुढे येऊन म्हणाला, "साहेब, एक अर्ज हाय. आता पट्टी निघालीच हाय, तं तुमची जीप बी मोजून टाका."

"सरकारी गाडीला पासिंग लागत नाही," साहेब म्हणाले.

"पासिंग लागत नाही, कबूल," तायडे म्हणाले. "ब्रेक तरी लागते का, ते पाहू द्या!"

हसावं की नाही, हे कळेना म्हणून सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघू लागले. मीसुद्धा, पहिल्यांदाच, पायांऐवजी तोंडाकडे बघितलं. साहेबांचे कान लाल झाले. मग ओठ थरथरले. आणि मग ते इतके मोठ्याने हसले की देशमुख दचकले. सात महिन्यांत हा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

"ठीक आहे. चौधरी, बसा शेजारी. काटा बघा."

जीप लांब मैदानाच्या टोकाला गेली, वळली आणि वेगात आली. "दाब!" चौधरी ओरडले. साहेबांनी दाबला असणार, कारण त्यांच्या डोक्यावरचा टोप उडून समोरच्या काचेवर आदळला. जीप मात्र तिच्या सवडीने थांबली.

मी पट्टी घेऊन खाली बसले. नामदेवने बोट धरलं. ड्रायव्हर मोजू लागले, आधी जोरात, मग आणखी जोरात. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. त्यानंतर सगळे एकदम गप्प झाले. पुढचे आकडे मी आणि नामदेवने मनातल्या मनात मोजले. शेवटी पट्टी जीपच्या चाकाला लागली.

"किती?" साहेबांनी सीटवरूनच विचारलं.

नामदेवने गुलाबरावकडे पाहिलं. गुलाबरावने आभाळाकडे पाहिलं. चौधरी काटा बघत राहिले, जीप उभी असूनही. देशमुखांनी थर्मासचं झाकण उघडलं.

"अहो, किती झाले? कोणी सांगणार आहे का?"

या वेळी वाक्य जुळवावं लागलं नाही. ते अगदी छोटं होतं आणि आपोआप तयार झालं होतं. मी उठून उभी राहिले, गुडघ्यावरचा मुरूम झटकला आणि लिंबाखालच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"एक्कावन्न फूट, सर! नापास!"